हौसाच्या उंचीचे दोरे

२ जानेवारी १९५७, वालूर

काल अवस होती. निघायच्या आधी अवस आली हे बरं झालं, दोरा मला माझ्या हातानं काढता आला.

आमच्या घरात ही रीत आहे. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दर अवसेला त्याच्या टाचेपासून टाळूपर्यंत लोकरीचा दोरा धरायचा, तेवढाच तोडायचा आणि टोकाला गाठ मारून ठेवायचा. पाच पुरी झाली की सगळे दोरे त्याच्या पहिल्या घोंगडीच्या काठात विणायचे. मेंढरं राखणारी माणसं आम्ही, पोरांना दुसरं काय देणार! माझ्या नवऱ्याची, उमाजीची, तशी घोंगडी अजून घरात आहे. उमाजी नाही. लोकर कातरताना कातर हाताला लागली आणि धनुर्वात झाला. सुई टोचणारं माणूस शोधेपर्यंत सगळं आटोपलं. हौसा तेव्हा चार महिन्यांची होती, आता साडेतीन वर्षांची आहे.

त्यानंतर मी सेलूच्या दवाखान्यात लागले. वडील तिथल्या शाळेत चपराशी होते म्हणून निजामाच्या काळात उर्दूतून सातवी झाले होते, ती कामाला आली. हाताखालची नर्स म्हणून जखमा धुते, बाळंतपणं करते, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. डॉक्टर गावाला गेले की समोरचं माणूस तडफडताना बघत बसायचं. म्हणून औरंगाबादच्या नर्सिंग शाळेत शिकायला दरखास्त केली. कामावरून येणाऱ्या बायांना पहिली दोन वर्षं माफ आहेत, दीड वर्षात पूर्ण नर्स होता येतं. वालुरात सगळे त्याला 'डिगरी' म्हणतात. ती डिगरी नव्हे, हे सांगायचं मी सोडून दिलंय.

अट एकच. वसतिगृहात राहायचं आणि मूल आणायचं नाही.

हौसाला सांगितलं तेव्हा रडली नाही. मागं मीच तिला देवीची लस टोचली होती, तेव्हापासून ती आधी माझ्या हाताकडं बघते, मग तोंडाकडं. म्हणाली, "जा. येताना सुई आनू नको."

सासूबाई, म्हणजे भिवराबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी माझं गाठोडं बांधून दिलं. "पोरगी माझ्यापाशी हाय. दर अवसेचा दोरा मास्तराच्या पत्रात घालून धाडते. तू मागं बघू नको," म्हणाल्या. गाडी वळली तेव्हा मी मागं बघितलंच. हौसा कोकराला काहीतरी सांगत होती, तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

९ जानेवारी, औरंगाबाद

पांढरे कपडे मिळाले. बाकीच्या मुलींना अप्रूप. मला विधवेला पांढऱ्याचं काय नवल!

तास इंग्रजीत असतात. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर सुमनबाई मागून मराठीत समजावतात, आणि मी टिपणं उर्दूत घेते. शेजारच्या मुलीनं वहीत डोकावून विचारलं, "तुमची वही उलटी का चालते?" मी म्हणाले, "माझं सगळंच उलटं आहे. लोक आधी शिकतात, मग संसार करतात."

सुमनबाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहिली. नर्सचं पहिलं काम बघणं. औषध नंतर, चादर नंतर. "जी बघत नाही तिच्या हातात मी थर्मामीटर देणार नाही," म्हणाल्या. मला हसू आलं. मेंढपाळाची सून आहे मी. दोनशे मेंढरांत लंगडणारी एक मला लांबून दिसते.

६ फेब्रुवारी

पहिला दोरा आला. पत्र दत्तराव मास्तरांनी लिहिलंय. गावच्या शाळेत ते एकटेच, अख्ख्या गावाची पत्रं तेच लिहितात. "चि. हौसा खुशाल आहे. मेंढीचं दूध पिते. एका कोकराचं नाव तिनं 'बाई' ठेवलं आहे व त्याला बाभळीच्या काडीनं सुई टोचते."

सुई आणू नको म्हणणारी ही!

दोरा पट्टीवर धरला. साडेपस्तीस इंच. मी निघाले तेव्हाही तेवढाच होता. गाठीत तिचा एक केस अडकलेला निघाला. तो मी काढला नाही.

सुमनबाईंनी तापाचा चार्ट काढायला शिकवलाय, आडवे दिवस, उभा ताप. मी वहीच्या शेवटच्या पानावर हौसाचा चार्ट सुरू केला. आडव्या अवसा, उभे इंच. दोन ठिपके झाले.

८ एप्रिल

तीन दोरे झाले. पावणेछत्तीस, पुन्हा पावणेछत्तीस, म्हणजे चैत्राआधी पोरगी वाढलीच नाही. मास्तर लिहितात, "मधे खोकला होता, आता खुशाल आहे." खोकला होता म्हणूनच वाढली नसेल. बघा, दोरा बरोबर सांगतो!

शरीरशास्त्रात नापास झाले. पोटातली सगळी नावं ठाऊक आहेत, पण मेंढीच्या पोटातली. इंग्रजीत विचारलं की जीभ टाळूला चिकटते. जेवण गेलं नाही. वाटलं, उठावं आणि गाडीत बसावं. मग दोरे काढून बोटाला गुंडाळत बसले.

७ जून

सव्वाछत्तीस. हौसा खुशाल. केस आहे.

शरीरशास्त्रात पास झाले. एक जुलैपासून पंधरा दिवस घरी जायला रुखसत मंजूर झाली. तिच्यासाठी बत्तासे आणून ठेवलेत. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलाय.

२३ जून

इन्फ्लुएन्झा आला. मद्रासकडून आला म्हणतात. चार दिवसांत वॉर्ड भरला, व्हरांड्यात गाद्या टाकल्यात. आमच्या वर्गातल्याच सात जणी आडव्या झाल्या.

सुमनबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "कस्तुराबाई, रुखसत तुमची हक्काची आहे, मी अडवणार नाही. पण लहान मुलांच्या वॉर्डात तुमच्याइतकी हाताची बाई माझ्याकडे दुसरी नाही."

मी राहते म्हणाले. त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी राहते म्हणाले. खरं लिहायचं तर मला ते ऐकून फार बरं वाटलं. मला कोणी असं कधी म्हणालं नव्हतं. हौसा काय, आत्याबाईंजवळ आहे, महिन्यानं भेटेल.

३ जुलै

आज फार चांगला दिवस. एक मुलगी आली होती, चार वर्षांची, हौसाएवढीच. इन्फ्लुएन्झावरून निमोनिया झाला होता, ओठ निळे. तीन दिवस वेळेवर पेनिसिलिन टोचलं. दुपारी चारला घाम फुटला आणि ताप उतरला. तिची आई माझ्या पायावर डोकं ठेवायला लागली. मी उठवलं तिला. म्हणाले, बाई, पोरीला पेज पाजा.

त्या मुलीनं मला तिच्या ताटलीतली खारीक दिली. पदराला बांधून आणलीय. हौसाला देईन.

१७ जुलै

ज्येष्ठातल्या अवसेचा दोरा आला नाही. पत्रही नाही. टपालवालेही आजारी आहेत म्हणतात. मी दोन कार्डं टाकली.

५ ऑगस्ट

आला! सदतीस इंच! दोन महिन्यांत पाऊण इंच वाढली. पावसाळ्यात गवत आणि पोरं सारखीच वाढतात, असं माझी आई म्हणायची.

पत्र मात्र चारच ओळींचं. "गावात तापाची साथ होऊन गेली. भिवराबाई अंथरुणाला होत्या, त्यामुळे दोरा राहिला. आता उठल्या आहेत. हौसाची काळजी नसावी. अभ्यास पूर्ण करावा असा त्यांचा निरोप आहे." मास्तरांना शाईचा काय तोटा पडला कुणास ठाऊक! आधी कसं कोकराचं, काडीचं, सगळं लिहायचे.

गाठीत केस नव्हता. केस आता घट्ट बांधत असतील. गाठही जरा सैल आहे. आत्याबाईंच्या हातात तापानंतर जोर राहिला नसावा. त्यांना शक्तीचं औषध धाडायला हवं.

बत्तासे वॉर्डातल्या मुलांना वाटून टाकले.

१९ सप्टेंबर

साडेसदतीस.

आज सुमनबाईंनी मुलांची वाढ शिकवली. चार वर्षांचं मूल वर्षाला साधारण अडीच इंच वाढतं. मी हात वर करून सांगितलं, माझी मुलगी तीन महिन्यांत सव्वा इंच वाढलीय. वर्ग हसला. सुमनबाई म्हणाल्या, "मोजण्यात चूक असेल." मला राग आला. आमच्या घरात हे माप सात पिढ्या घेतात. पुस्तक लिहिणाऱ्यानं मेंढीचं दूध प्यायलेलं पोर बघितलं नसणार.

१८ ऑक्टोबर

दिवाळीला सहा दिवस मिळणार होते. मी गाठोडं बांधलं होतं. आज पत्र आलं. "दसरा होताच मेंढरं घेऊन सर्व जण पूर्णेच्या काठानं येलदरीच्या बाजूला निघाले आहेत. घर बंद आहे. आपण येऊ नये, भेट होणार नाही. हौसाच्या बाबतीत आता काही त्रास नाही."

दरसाल जातात ते खरं. पण आत्याबाई गुडघ्यांमुळं गेली चार वर्षं घरीच राहायच्या. यंदा हौसाला सोबत म्हणून गेल्या असतील. तापातून उठलेल्या म्हातारीनं एवढं चालायचं म्हणजे कमालच आहे.

मग इथंच राहिले. वसतिगृहात आम्ही दोघीच होतो, मी आणि हाडांचा सांगाडा. त्याच्याशी इंग्रजीत बोलून बघितलं. तो हसत नाही, हे एक बरं.

२६ डिसेंबर

साडेएकोणचाळीस. ऑगस्टपासून चार्टवरची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ आहे, दर अवसेला अर्धा इंच. आधीचे ठिपके कसे वेडेवाकडे होते, कधी थांबायची, कधी पाव इंच. आता पोरगी शिस्तीची झाली.

ज्या मुलीला जुलैत वाचवलं तिच्या आईनं आज तिला दाखवायला आणलं होतं. मला वाटलं, ही तेवढीच कशी राहिली? मग कामात विसरून गेले.

११ फेब्रुवारी १९५८

रायभान भावजी, उमाजीचे भाऊ, आले होते! लोकर विकायला औरंगाबादला आले आणि फाटकाशी उभे राहिले. मी धावतच गेले. एका दमात सगळं विचारलं. हौसा कशी आहे, बोलते कशी, माझी आठवण काढते का, दात पडले का.

ते जमिनीकडंच बघत होते. म्हणाले, "वयनी, तू लय वाळलीस." मी म्हणाले, माझं राहू द्या, पोरीचं सांगा. तर म्हणाले, "काय सांगू? आई रोज तिचंच नाव घ्यायलीय."

मी दोऱ्याच्या मापानं फ्रॉक शिवलाय, निळ्या ठिपक्यांचा. चाळीस इंच उंचीला बरोबर बसेल असा, खाली दोन बोटं जास्त ठेवून. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, उलगडून बघितला, परत माझ्या हातात ठेवला. "तूच आन, वयनी. तुझ्या हातानंच." ताट वाढलं होतं, पण जेवले नाहीत, गाडी चुकेल म्हणाले.

संध्याकाळी फाटकावरचा पहारेकरी भुजंग म्हणाला, तुमचे दीर तासभर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली डोकं धरून बसले होते. उन्हातून आलेला माणूस, दमले असतील. मला मेलीला साधं गूळपाणी द्यायचं सुचलं नाही.

२० मे

बेचाळीस इंच. उमाजीसारखी उंच निघणार.

परवा मंदा नावाची पोरसवदा नर्स मला म्हणाली, "तुम्ही घरी एकदा जाऊन का येत नाही?" इम्तिहान महिन्यावर आलाय, म्हणाले. ती बघत राहिली. मी तिला उगाच टाकून बोलले. नंतर वाईट वाटलं.

कधी कधी रात्री उठून दोरे मोजत बसते. इम्तिहानाची भीती, दुसरं काय.

२६ जून

संपला! शेवटच्या पेपरात प्रश्न होता, चार ते पाच वर्षांच्या मुलाची वर्षाची वाढ किती? मी अडीच इंच लिहिलं. मनात म्हटलं, पुस्तकाचं पुस्तकाला आणि हौसाचं हौसाला.

ज्येष्ठातला दोरा आजच आला. साडेबेचाळीस. या आषाढात हौसाला पाच पुरी होतील, आणि घोंगडीचा काठ मी स्वतः विणणार. आधीच्या वर्षांचे सगळे दोरे आत्याबाईंपाशी आहेत, माझ्यापाशी अठरा.

सुई मात्र नेणार नाही. शब्द दिलाय.

५ जुलै, वालूर

हौसा नाही. गेल्या वर्षीच गेली.

९ जुलै

आज लिहिता येतंय. लिहिलं नाही तर मी कोणाला तरी मारीन.

दारात आत्याबाई एकट्या बसल्या होत्या. मी हाक मारली, "हौसे!" तिचं 'बाई' कोकरू, आता मोठं मेंढरू झालेलं, उठून आलं. आत्याबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि सांगितलं. एकही शब्द फिरवला नाही.

साथ होती. आत्याबाई तापानं फणफणलेल्या. हौसाचा ताप छातीत उतरला. भावजी तिला खांद्यावर घेऊन सेलूला निघाले, तर नाल्याला पूर. उतार पडायची वाट बघत काठावर बसले. पाणी दुपारी चारच्या सुमाराला उतरलं. तोवर ती गेली होती. बाभळीखाली पुरलंय, दगड ठेवलाय.

तारीख दत्तराव मास्तरांना ठाऊक होती. तीन जुलै.

मी हीच वही उघडून ते पान काढलं. 'आज फार चांगला दिवस.' दुपारी चार. माझ्याच हातचं अक्षर आहे.

मास्तर पायरीखालीच उभे होते, आत आले नाहीत. म्हणाले, "म्हातारीनं मला बिरोबाची आण घातली होती. पण बाई, मी एकदाही 'खुशाल' लिहिलं नाही. पत्रं काढून बघा." मी काढून बघितली. खरंच नव्हतं. जूनपर्यंत प्रत्येक पत्रात आहे, नंतर एकाही पत्रात नाही. एवढं ढळढळीत मला दिसलं नाही! जी बघत नाही तिच्या हातात थर्मामीटर द्यायचा नाही, म्हणे. मला पूर्ण नर्स करायला निघालेत.

आत्याबाईंवर मी ओरडले. तुम्ही मला फसवलं, माझ्या लेकराचं तोंड नाही दाखवलं, वर्षभर कोणाच्या पोरीचं माप घेऊन मला पाठवत होता? कोणाचे ते दोरे?

त्या उठल्या, दाराच्या चौकटीशी गेल्या. हात हवेत धरला, माझ्या कमरेच्या जरा वर. "कोनाचं न्हाई. तिचंच. दर अवसेला इथं उभी करायची तिला, मनात. मागच्यापरीस जराशी वर. ती असती तर एवढी झाली असती."

मी म्हणाले, का? मला का नाही कळवलं?

"तू आली असतीस. आन् मंग गेली नसतीस. उमाजीच्या येळंला सुई टोचनारं कोनी नव्हतं. हौसाच्या येळंला बी नव्हतं. तिसऱ्याच्या येळंला तरी असावं म्हनलं." मग म्हणाल्या, "मला शिव्या दे. हाकलून दे. पर डिगरी झाली का तुझी, ते सांग आधी."

मी उठून बाभळीकडं गेले.

१२ जुलै

चौथा दिवस, आत्याबाईंशी बोलले नाही. त्या भाकरी करून झाकून ठेवतात, मी खाते. भूक लागते याचीच लाज वाटते.

आज दोरे जमिनीवर पसरले. पट्टी घेतली नाही. डोळे मिटून बोटांनीच वेगळे केले, सहा आणि बारा. एकही चुकला नाही. सहांच्या गाठी आवळलेल्या, पाचांत केस. बारांच्या गाठी सैल, आत काही नाही. वर्षभर हे दोरे मी रोज हाताळत होते. मग माझ्या बोटांना कळलं होतं ते मला कळलं नाही, असं कसं म्हणू?

खरं लिहिते. मला कुठंतरी ठाऊक असावं. त्या मंदाला टाकून बोलले, तेव्हा ठाऊक असावं. भावजींनी फ्रॉक परत दिला तेव्हा तर नक्कीच. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. म्हणून मी चार्ट काढत बसले.

आणि आत्याबाईंच्या जिवावर मी कशाला उठलेय? जूनमध्ये मंजूर रुखसत मी सोडली. दोनदा विचारलं होतं मला.

१६ जुलै

काल तार आली. पास झाले, सेलूच्याच दवाखान्यात नेमणूक. आत्याबाईंना सांगितलं. हे सात दिवसांतलं पहिलं बोलणं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि चुलीकडं तोंड करून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते.

आज दिव्याची अवस. घरोघरी दिवे घासून बाया पोरांना ओवाळत होत्या. आमच्या दारात पोर नाही. पण आत्याबाईंनी लोकर कातायच्या चातीवरून दोरा सोडला आणि चौकटीशी उभ्या राहिल्या. त्यांचा हात वर जाईना. मी फ्रॉक आणला. चौकटीला लावून धरला. त्या हात धरायच्या तिथून वीतभर खाली गळा आला आणि गुडघ्याच्या जागेवर झालर. अगदी बरोबर बसला. मी बाई काय सुरेख शिवलाय.

मग मी खाली बसले, दोऱ्याचं एक टोक टाचेच्या जागी धरलं. आत्याबाईंनी दुसरं वर नेलं. त्रेचाळीस इंच असेल. आम्ही दोघी रडलो, मोठ्यानं रडलो, शेजारपाजारचे जमले तरी रडलो.

संध्याकाळी घोंगडीचा काठ विणायला घेतला. आत्याबाईंनी आपल्याजवळचे जुने दोरे काढून दिले, जन्मापासूनचे. मग माझ्या ढिगाकडं बघत हळूच विचारलं, "यातले सहाच घेनार का?"

मी म्हणाले, "सगळे घेते."

२१ जुलै, सेलू

सकाळी निघाले. गाडीत बसताना आत्याबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "एक सांगायचं ऱ्हायलं. सांगू का नको, ठरंना." मी म्हणाले, सांगा.

"रायभान तिला खांद्यावर घेऊन निघाला, तवा तिनं मागं वळून मला सांगितलं. आईला निरोप धाड, म्हनली. सुई आनली तरी चालंल म्हनावं."

गाडीवानानं बैल हाकले.

डॉक्टर खेड्यावर गेले होते. त्यांनी माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती, ते नसताना पेनिसिलिन मी माझ्या अकलेनं द्यायचं. दुपारी एक बाई पोरीला घेऊन आली. चार-साडेचार वर्षांची पोर, श्वास लागलेला, नाकपुड्या उडत होत्या. मी छातीला कान लावला, ताप बघितला. कोणाला विचारायचं नव्हतं.

पोरीनं आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. "सुई नको," म्हणाली.

मी स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळायला ठेवली.